टोपीवाल्याने दार उघडायला लावलं

काचेच्या आत माझी तीन वर्षांची नात मीरा खुर्ची ओढत गॅसकडे निघाली होती. गॅसवर दूध तापत होतं... आणि मी बाहेर बाल्कनीत कोंडलेली.

वाळलेले कपडे काढायला मी बाहेर आले, तर तिने मागून दार सरकवलं नि आतून खिटी लावली. तिचा खेळ! जपानमधल्या हिगाशी-कसाई भागातल्या बिल्डिंगचा सहावा मजला. मुलगा-सून ऑफिसात. मी काच बडवली, लाथा घातल्या — आत तारेची जाळी असलेली जाड काच, फुटेना. खाली रस्त्यावर एक बाई दिसली. मी ओरडले, हात हलवले. तिने वर पाहिलं, कमरेत वाकून नमस्कार केला आणि निघून गेली.

मीरा खुर्चीवर चढली.

आत टीव्ही चालू होता. त्या महिन्यात रोज दुपारी एका जुन्या अमेरिकन नटाचे सिनेमे लागत, जपानी आवाजात. भाषा कळत नव्हती, पण माणूस कळला होता. तरुणपणी गुंड होऊन मार खाल्ला, मग पोलीस होऊन दिला, केस पिकले तरी हाणामारी सुटली नाही. जन्मभर पोटासाठी तेच काम. बायकांशी धड बोलला नाही, पोरांकडे तर पाहिलंही नाही. मला बरा वाटायचा. रडत नसे.

त्या दिवशी तो मारामारी अर्ध्यावर टाकून पडद्यावर पुढे आला. टोपी काढली, खाली वाकला नि आमच्या ओट्याकडे बघून काहीतरी दरडावून बोलला. मीराचा पातेल्याकडे गेलेला हात थांबला. ती खुर्चीवरून उतरली, दाराशी आली, खिटी काढली. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

संध्याकाळी मुलाला सांगितलं.

"आई, भास झाला असेल तुला."

"भास व्हायला मी काय उपाशी होते?"

सुनेने मीराला विचारलं. पोरगी जपानीतच बोलते. सून म्हणाली, "आई, ही म्हणते... टोपीवाले काका ओरडले. आधी दार, मग दूध."

सिनेमा रेकॉर्ड केलेला होता. मुलाने लावला. त्यात तो तिघांना लोळवतो नि पाठ फिरवून जातो. टोपी डोक्यावरून हलत नाही.

"हा माणूस मरून किती वर्षं झाली, आई!"

"मग मी काय करू?"

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण याचा उलगडा मला झालेला नाही, मुलालाही नाही. त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो, मीरा आणि मी. दोघी जिवंत आहोत.