डोक्याला आराम

माझ्यात एक खोड आहे. मला माहीत असलेली गोष्ट कुणी विचारली, की मी गरजेपेक्षा जास्त सांगते. या खोडीची शिक्षा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन-अडीच महिने भोगली.

अण्णा अंबडला तहसिलीजवळच्या पत्र्याच्या शेडखाली अर्जनवीस म्हणून बसतात. वारसाची नोंद, बांधाचा वाद, हरवलेलं रेशनकार्ड, कशाचाही अर्ज लिहून देतात. माणूस येतो, अर्धा तास भरकटत आपली कहाणी सांगतो आणि अण्णा ती बारा ओळींत बसवतात. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. गेल्या उन्हाळ्यात एक अर्ज लिहिता लिहिता त्यांचा उजवा हात थरथरू लागला, तोंड वाकडं झालं आणि दोन-तीन मिनिटं बोलताच येईना. जालन्याला एमआरआय काढला. मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला लागून, एक लहानशी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जागा नाजूक आहे आणि गाठ सावकाश वाढणारी दिसते, तेव्हा सध्या गोळ्या चालू ठेवू आणि दर तीन महिन्यांनी स्कॅन करू. बोलताना अडखळतात का, एवढं घरच्यांनी बघत राहायचं.

आणि मी पुण्यात एका प्रयोगशाळेत नेमकं हेच बघते. उंदरांच्या मेंदूत अशा गाठीची सुरुवात कशी होते, हे माझं काम. सुरुवातीला बिघडलेल्या पेशी अगदी थोड्या असतात. त्यांचं पुढं काय होणार, हे बरंचसं भोवतालच्या धडधाकट पेशींवर ठरतं. मेंदूतल्या राखणदार पेशी कधी त्यांना खाऊन टाकतात, तर कधी त्यांनाच जाऊन सामील होतात. शेजारच्या चेतापेशी, ज्यांच्या जिवावर आपण बोलतो आणि विचार करतो, त्या काम करताना असं काही सोडतात की ते या बिघडलेल्यांना चांगलं मानवतं. हे सगळं बघताना मला आनंद व्हायचा, हे कबूल करते. अण्णांच्या स्कॅननंतर मात्र त्याच स्लाइड्स बघायला बसले की बसवेना. तासाभरात तीनदा पाणी प्यायला उठायची.

दिवाळीत घरी गेले. नुकताच झालेला स्कॅन आधीसारखाच होता. आई भाकरी थापत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्या कामाबद्दल विचारलं.

“तू तर हेच शिकून राह्यली न? मंग सांग, ते वाढतं कशानं?”

मला इतकं भारी वाटलं की मी सुटलेच. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत बोलत होते. उंदीर झाले, राखणदार झाले, काही म्हणजे काही सोडलं नाही. त्यातून आईनं एकच गोष्ट उचलली: शेजारच्या पेशी जितकं काम करतील, तितकं गाठीला खायला मिळतं. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परतले.

त्यानंतर फोनवर अण्णांची चौकशी केली की आई म्हणायची, डोक्याला आराम देऊन राह्यले. मला बरंच वाटायचं. संक्रांतीला गेले तेव्हा तो आराम डोळ्यांनी पाहिला.

अण्णा समोरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, हातात काहीच नव्हतं. पेपर बंद केला होता. चष्मा आईच्या कपाटात साड्यांखाली गेला होता. शेडमधलं टेबल घडी करून पलंगाखाली सारलं होतं. कागद घेऊन कुणी आलं तर माझा भाऊ त्याला दारातूनच वाटेला लावायचा. भाजी कोणती करायची, हेही आई त्यांना विचारत नव्हती. टीव्हीवरच्या मालिकासुद्धा बंद, कारण पुढं काय होणार याचा अण्णा अंदाज बांधत बसतात. पाहुण्यांना फक्त हवापाण्याचं बोलायची परवानगी होती, पण अण्णा विहिरीच्या पाण्याचा हिशेब करायला लागले आणि तीही गेली.

मी आईवर तडकले. म्हटलं, मी उंदरांचं बोलत होते, माणसाला विचार करू देऊ नका असं कधी म्हटलं? ती शांतपणे म्हणाली, “तूच सांगितल्तं. आता तुझं शिकलेलं खोटं झालं का?” मी सांगितलेलं खोटं नव्हतंच. राग आईवरून उडाला आणि माझ्यावरच येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी मला जवळ बोलावलं. आईला काय सांगितलंस, असं विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेडमध्ये लोकांना विचारतात तसं एकेक विचारायला लागले. हे उंदरात पाहिलं की माणसात? मुख्यतः उंदरात. पेशींचं काम थांबवलं तर गाठ थांबते? थांबत नाही, हळू वाढते, पण ते औषध देऊन, गप्प बसवून नाही. गप्प बसलेल्याचाही मेंदू चालूच असतो.

“म्हणजे मी बसून राह्यलो तर ते वाढणार न्हाई, असं लिहून देतीस?”

“नाही.”

“अन् कामावर गेलो तर वाढणार न्हाई, असं?”

“तेही नाही देता येणार, अण्णा.”

ते खुर्चीवरून उठले.

“मंग मी जातो. हितं बसून मला माझ्या डोक्यातलंच ऐकू येऊन राह्यलं, माय. लोकांचं ऐकलं की ते गप होतं.”

त्यांना भीती वाटत असेल, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

आईनं चष्मा दिला, पण अटीवर. मी दिवसभर सोबत थांबायचं आणि अडखळले का, ते संध्याकाळी खरं खरं सांगायचं. पुढचा स्कॅन तीन आठवड्यांवर होता.

शेडखाली टेबल मांडायच्या आत चार माणसं जमली. अण्णांची मान ताठ झाली. पहिल्याच माणसाला त्यांनी टोकलं, की चुलत्याचं पुराण राहू दे, पाणी कुणाच्या बांधावरून येतं ते सांग. लोक हसले. मला मात्र एका जागी उभं राहवेना. मी त्यांचा शब्दन् शब्द ऐकत होते, प्रत्येक थांबणं मनात धरत होते. तीन अर्ज बिलकुल नीट झाले.

चौथ्या माणसाला ते म्हणाले, “तुमचा… तुमचा…” आणि बोटानं कागदावर टकटक करत राहिले. चाळीस वर्षं रोज लिहिलेला शब्द होता तो.

“गट नंबर का?” समोरच्यानं विचारलं.

“हां, गट नंबर,” अण्णा म्हणाले आणि लिहू लागले. मान वर केली नाही. सत्तरीला आलेला माणूस असा अडतोही. किंवा ते दुसरं काही असेल. हेच बघण्यात माझी सहा वर्षं गेली आहेत आणि दोन हातांच्या अंतरावर उभं राहूनही मला ते सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी चपला काढायच्या आतच आईनं विचारलं, “अडखळले का कुठं?”

अण्णा मोरीत हातपाय धूत होते. पाण्याचा आवाज थांबला.

“न्हाई,” मी म्हणाले.

आईनं तेही खरं मानलं.