मंत्री स्वतःच्या घरी पाहुणा झाला

लाजमीर आणि मी एकाच मुल्लाच्या हातचा मार खाऊन वाढलो. पुढे मी शाळामास्तर झालो. तो डोंगरात गेला आणि दाढी नि टोळी दोन्ही वाढवून बसला. खोस्तच्या वाटेवरचे पाच पूल त्यानं उडवले. मग तह झाला आणि काबूलच्या शहाण्यांनी त्याला मंत्री केलं, तोही रस्ते आणि पुलांचा! अनुभवी माणूस, दुसरं काय.

मी काबूलला गेलो की कचेरीचं दार लावून तो विचारायचा, "मास्तर, लाला काही बोलला का रे माझ्याबद्दल?"

लाला म्हणजे त्याचा थोरला भाऊ सनोबर. बाप गेला तेव्हा लाजमीर दोनच खिंडी पलीकडे होता, पण आला नाही. सनोबरनं एकट्यानं बाप पुरला. तेव्हापासून भावाचं नाव काढलं नाही.

"नाही बोलला."

"एखादी शिवी तरी?"

"तीसुद्धा नाही."

मंत्र्याचा चेहरा उतरायचा.

यंदा उन्हाळ्यात तो गावी यायला निघालाच. मी बजावलं, "एकटा ये. सरळ अंगणात शिर आणि चुलीपाशी बस." पण मंत्री एकटा कसला निघतो! नऊ गाड्या, चाळीस बंदुका. एवढा लवाजमा अंगणात मावत नाही, तो बाहेरच्या हुजऱ्यात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीतच उतरतो. आणि आमच्याकडे हुजऱ्यात उतरला तो पाहुणा, मग तो सख्खा भाऊ का असेना.

सनोबर छातीवर हात ठेवून सामोरा आला. "या वजीरसाहेब. घरची मंडळी बरी आहेत?"

"लाला, घरची मंडळी म्हणजे तूच की!"

"बसा. लोडाला टेका."

मेंढा कापला, मनुका घातलेला भात आला. आतून ताक घुसळल्याचा आवाज येत होता. लाजमीरचे कान तिकडेच.

"लाला, मला मक्याची भाकर आणि ताक दे. आत बसून खातो."

"छे! पाहुण्याला ताक-भाकर? गाव थुंकेल माझ्यावर."

जेवणानंतर सगळ्यांच्या हातांवर पाणी घालायचं काम घरातल्या धाकट्याचं. पंचावन्न वर्षांचा लाजमीर ताडकन उठला आणि त्यानं तांब्या धरला. सनोबरनं तांब्या हळूच सोडवून घेतला आणि भावाच्याच हातांवर धार धरली.

"दोन थोबाडीत मार, लाला. पण हे नको."

"पाणी फार गार नाही ना, साहेब?"

तांब्या रिता झाला तरी सनोबरनं तो भावाच्या हातांवर कललेलाच धरला.

लाजमीर निघाला तसा रीतीप्रमाणे सनोबर पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला आला. लाजमीरनं गाड्या पुढे धाडल्या आणि मुंगीच्या चालीनं चालू लागला. सनोबरनंही घाई केली नाही. मी मागून बघत होतो. उजवा खांदा किंचित खाली, पाय जरा फेंगडे. दोघंही हुबेहूब बापासारखे चालत होते.