उनान, दाऊ, त्री

माझ्या नातीची शाळा फ्रान्सात आहे, पण ती फ्रेंच शाळा नाही. हे माझ्या डोक्यात शिरायला मुलाला दोनदा सांगावं लागलं. सूनबाई तिकडच्या समुद्रकाठच्या ब्रिटनी मुलखातली. तिथली जुनी भाषा ब्रेतॉन. सूनबाईची आजी लहानपणी शाळेत ती बोलली, की गळ्यात लाकडी जोडा अडकवून तिला उभं करायचे. मग आजीनं पोरांशी ती बोलायचीच सोडली आणि सूनबाईच्या आईला ती आलीच नाही. म्हणून सूनबाईनं हट्टानं लेकीला ब्रेतॉन शाळेत घातलं. गणितसुद्धा त्याच भाषेत. घरी फ्रेंच.

"आणि आपली?" मी मुलाला विचारलं. तो इथल्याच, बोरीच्या शाळेत मराठीतून शिकलेला.

"आई, तिला आधीच दोन झाल्यात गं," तो म्हणाला आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं. मला रागही आला नाही. मी पीठ मळत व्हते, मळत राहिले.

डिसेंबरात ती तिघं आली व्हती. सहा वर्षांची नात माझ्याकडं बघून हसायची, मी तिच्याकडं बघून हसायचे. बास, एवढंच आमचं बोलणं. मला फक्त तिच्या तोंडून आपला एक शब्द ऐकायचा व्हता. शेजारीण मुलाला म्हणाली, त्या ब्रेतॉनवर नोकरी मिळती का? तो न्हाई म्हणाला. मग कशाला शिकवता राव, म्हणून ती हसली. सूनबाईला काय ते कळलं असावं. ती खाली मान घालून शेंगा सोलत बसली.

आमच्याकडं परगावचं पावणं आलं, की गुरुजी त्याला शाळेत नेल्याशिवाय सोडत न्हाईत. त्यांनी नातीला वर्गापुढं उभं केलं आणि बापाकरवी तिला तिच्या शाळेतले आकडे म्हणायला सांगितलं. तिनं बोट वर केलं आणि हळूच म्हणाली, "उनान." आमच्या शाळेची रीत अशी, की पुढं उभा असलेला जे म्हणेल ते बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पाढे तसेच पाठ व्हतात. कुणी सांगितलं न्हाई, अख्खा वर्ग ओरडला, उनान! मग दाऊ, मग त्री, पार दहापर्यंत. सूनबाई गळ्याशी हात नेऊन रडत व्हती.

मग वर्गातली एक पोरगी उठली आणि तिनं "एक" म्हटलं. माझी नात सगळ्यांबरोबर ओरडली, "एक!" दोन, तीन, दहापर्यंत ओरडली. मी दारात उभी व्हते. लई दिवसांनी आत काहीतरी हललं. घरी आल्यावर मुलाला म्हणाले, रोज एवढं तरी म्हणवून घे तिच्याकडनं. तो हो म्हणाला.

आता रविवारी व्हिडिओ कॉल असतो. परवा मी "एक" म्हणाले आणि थांबले. नातीनं बापाकडं बघितलं.

"विसरली गं आई. लहान आहे."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. काही वाटलं न्हाई, खरंच. बाहेर आळीतली पोरं लपाछपी खेळत व्हती. ज्याच्यावर राज्य व्हतं तो आमच्या भिंतीला तोंड लावून मोजत व्हता, उनान, दाऊ, त्री.