कळव्याच्या खाडीसाठी घेतलेले बूट

हे बघा, हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. मागे हीच फजिती सांगत होतो तेव्हा आमच्या साडूंना चहाचा ठसका लागला आणि डाग पडले ते माझ्या सदऱ्यावर!

तर झालं काय, की मी बूट घेतले. बस्स. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने बूट घेतले, यात सांगण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटलेलं.

मी नौपाड्यातला. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त. आणि जनू माझा शाळासोबती, कळव्याचा. त्याच्या घराच्या मागच्या दारातून चार पायऱ्या उतरल्या की खाडी. आठवीत असताना दर रविवारी मी तिकडे. चड्डी वर खोचायची, हातात गरी घ्यायची, म्हणजे गळ हो, दोरी आणि आकडा, आणि ओहोटीच्या गाळातून पार पाण्याच्या कडेपर्यंत जायचं. जनूला शिंगाळी मासा लागायचा, मला प्लास्टिकची पिशवी. पण तो गाळ! गार, मऊ, पोटरीपर्यंत पाय आत घेणारा. पाऊल टाकलं की बोटांच्या फटींतून वर यायचा. आयुष्यात मला तेवढं सुख दुसऱ्या कशाने दिलेलं नाही, आणि हे मी बायकोसमोर सांगतोय.

पुढे कॉलेज, नोकरी, लग्न. कळवा काही लंडनला नाही, रिक्षाने जाता येतं. पण नाही जाणं झालं. दर वर्षी वर्गात भरती-ओहोटीचा धडा आला की हात फळ्यावर चंद्र काढायचा आणि मन जनूच्या मागच्या दारात उभं असायचं. मुलं विचारायची, "सर, पुढे?" पुढे काय, कपाळ!

अशात जनूचा फोन आला.

"सुध्या, घर पारतायत रं आमचा. बिल्डिंग होनार. आमी शीळफाट्याला भाड्यानं चाललोय."

"आणि खाडी?"

"बिल्डर पत्रा मारनार मागनं. नंतर नवव्या मजल्यावर घर भेटंल, तिथनं खाडी दिसंल नुसती. म्हनून सांगतो, पुनवेला ये. सकालची ओहोटी लांब जाते. एकदा दोघं जाऊ गरवायला. शेवटचा."

फोन ठेवला आणि सांगतो तुम्हाला, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलेलं मंगलला दिसू नये म्हणून. मंगल म्हणजे आमची सौ.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? पौर्णिमेला उठून गेला असता. पण मी मास्तर पडलो! कुठलीही गोष्ट करण्याआधी तिचा अभ्यास करायची खोड. मोबाईलवर शोधलं, 'मासेमारीसाठी पाण्यात उतरताना काय घालावे'. तिथेच घात झाला.

काय एकेक माल असतो! वेडर म्हणून एक प्रकार असतो, छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार. खांद्यावर पट्टे, खाली पायमोजे जोडलेलेच. त्यावर वेगळे जाडजूड बूट. ते बूट घालून गोरे लोक बर्फाच्या नदीत उभे राहून मासे पकडतात आणि पकडून परत सोडून देतात! मंगल म्हणाली, "सोडायचेच होते तर एवढं नटून गेले कशाला?"

मी तीन आठवडे तेच बघत होतो. बुटाचा तळ नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, घ्यावा की रबराचा? खिळे असावेत की नसावेत? एक जर्मन गृहस्थ तर तळव्यावर पंचवीस मिनिटं बोलत होते, आणि मला भाषा कळत नसूनही मी माना डोलावत होतो. ही सगळी चर्चा गुळगुळीत दगडांवरून घसरू नये म्हणून चाललीय, आणि कळव्याच्या खाडीत औषधालाही दगड नाही, एवढं भूगोलाच्या मास्तराला सुचू नये? नाही सुचलं!

पौर्णिमा आली, बूट आले नाहीत. मी जनूला फोन केला.

"जनू, या वेळी नाही जमत रे. बूट यायचेत अजून. ते आल्याशिवाय पाय टाकता यायचा नाही."

"कसलं बूट?"

"खास असतात. घोट्याला आधार देणारे, आतून मऊ. शेवटी पायाचा प्रश्न आहे!"

"पायाचा?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "कदीपासून?"

मला वाटलं, शोधाशोध कधीपासून चाललीय ते विचारतोय. म्हटलं, "महिना झाला की."

"आनि वहिनी काय म्हनतात?"

"ती काय म्हणणार? म्हणते, आता वय झालं, नाद सोडा."

"असा नको बोलूस, सुध्या! काय नाय होत. आमी हावत ना."

किती जीव आहे या माणसाचा माझ्यावर, असं मला वाटलं. आणि ते खरंच होतं म्हणा.

बूट आले. आठ नंबर, माझ्या मापाचे. पण वेडरचा मोजा, आत लोकरीचा मोजा, त्याच्या आत सुती मोजा. टाच जाईना. मी परत पाठवले आणि दहा नंबर मागवले. का दहा? तर आमच्या आईचा दंडक, बूट नेहमी वाढत्या मापाचे घ्यावेत! अठ्ठावन्नाव्या वर्षी माझं काय वाढणार होतं, ते देवाला ठाऊक.

तोवर अमावस्या उजाडली. ओहोटी पुन्हा लांब जाणार होती, त्यामुळे जनूचा फोन.

"आलं का बूट?"

"आलेले, पण घट्ट झाले. संध्याकाळी माप घ्यायला हवं होतं. तेव्हा पाय सुजलेला असतो ना."

"सुजतो?"

"थोडा. या वयात सुजतोच."

"साखर बगितलीस?"

"साखर ना, काठावर आहे."

त्यावर तो म्हणाला, "घाई नको करू. नीट बरा झाला म्हंजे ये. पुढच्या पुनवेपर्यंत घर खाली नाय करत मी. बिल्डरला सांगतो."

तुम्ही म्हणाल, 'बरा झाला म्हणजे' हे शब्द कानावर पडूनही तुमची ट्यूब पेटली नाही? नाही पेटली! माझं अर्धं लक्ष नाडीच्या हुकांकडे होतं. हूक गंजणारे नकोत, असं तो जर्मन म्हणालेला. म्हणजे असावा.

शेवटी बूट आले आणि पौर्णिमाही आली. पहाटे उठलो. वेडर नि बूट पोत्यात भरले, पायात साध्या चपला अडकवल्या, रिक्षाने पूल ओलांडून कळव्याला पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं.

जनू गल्लीच्या तोंडाशी उभा. केस पिकलेत, पोट सुटलंय, पण हसणं तेच. मी मिठी मारायला पुढे झालो, तर त्याने माझ्या काखेत हात घालून मला उचललंच जवळजवळ. "सावकाश. खड्डा हाय. इथं पाय ठेव. आता इथं."

दारात जनूची आई. आम्ही तिला आय म्हणायचो. नव्वदीला आलेली, पण नजर घारीची. तिने आधी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं.

"चालतो की गो पोऱ्या!" असं म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला.

जनूच्या बायकोने, सुलभावहिनींनी, चहा दिला. बिनसाखरेचा. मागच्या पायऱ्यांवर प्लास्टिकची खुर्ची मांडलेली, तिच्यापुढे पाय ठेवायला पाट. शेजारचे दोघं-तिघं मला बघून हात जोडून गेले. मला वाटलं, शिक्षकाला अजून केवढा मान आहे कळव्यात!

पुढे खाडी. पाणी पार मागे हटलेलं, तिवरांच्या झुडपांपलीकडे गाळ चमकतोय. वास पूर्वीसारखा राहिलेला नाही, पण माझं काळीज लहान पोरासारखं उड्या मारायला लागलं.

"तू इथं बस खुर्चीवर," जनू म्हणाला. "मी हिथनंच गरी टाकतो. गप्पा मारू."

"बसायला आलोय होय मी? थांब!" असं म्हणून मी पोतं उघडलं.

वेडर बाहेर निघाली तसे सगळे जवळ आले. आयने कापड चाचपून बघितलं.

"डॉक्टरनी दिलान?"

"नाही आय, मीच मागवली."

"स्वताच्या मनानं?" तिने कपाळावर हात मारला.

ती चढवायला अर्धा तास गेला. सुती मोजे, लोकरीचे मोजे, विजार, पट्टे, मग बूट. नाड्या खेचून घेतल्या, वर दोन-दोन गाठी. जनूने तोवर पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला पायरीवर काढल्या आणि झाला तयार. त्याला लागलं अर्धं मिनिट.

"सुध्या, नको रं जाऊस," तो म्हणाला. "पायाला काय झाला तर?"

"काही होणार नाही. त्यासाठीच तर बूट!"

आणि मी उतरलो. पहिली तीन पावलं झकास. चौथ्याला बूट घोट्यापर्यंत गेला. पाचव्याला नडगीपर्यंत. सहावं पाऊल... अहो, सहावं पाऊल आलंच नाही! दोन्ही बूट गाळाने असे धरले, की खालून कुणीतरी ओढत होतं म्हणा. एक पाय उपसायला दुसऱ्यावर जोर द्यावा, तर दुसरा वीतभर आणखी खाली. असं खाली का जायला होतं, याचं शास्त्रीय कारण मी पाच मिनिटांत समजावून देऊ शकलो असतो. बाहेर कसं यायचं, ते मात्र पुस्तकात नव्हतं.

"जनू!"

तो अनवाणी पायांनी सपसप चालत आला. त्याची पावलं रुतायच्या आधीच उचलली जात होती.

"हलू नको. बूट सोड, पाय काढ."

"वाकता येत नाही रे. पोट आणि पट्टे!"

मग जनूने कोपरापर्यंत हात गाळात घातला आणि नाड्या चाचपल्या. "दोन-दोन गाठी मारल्यान मास्तरनी!" तो करवादला. शेजारचे पोत्याचं तरट आणि फळी घेऊन धावले. पायऱ्यांवरून आय ओरडत होती, "जखमंला धक्का लावू नका रं!" कसली जखम, हे विचारायला मला दम कुठे होता?

अर्ध्या तासाने मी सुटलो. वाढत्या मापाचे असल्यामुळे पाय निदान सुळकन निघाले. बूट खाडीत राहिले. फळीवरून रांगत मी पायरीवर आलो.

लगेच आय समोर बसली. सुलभावहिनी हळदीची वाटी आणि स्वच्छ फडकं घेऊन हजर. "मोजं काढ. बगू दे."

विजार उतरवली. लोकरीचे मोजे काढले. सुती मोजे काढले. सगळं अंगण वाकून बघतंय. आत माझे पाय! पांढरेफटक, कोरडे, पावडर लावलेले. साधं खरचटलेलंसुद्धा नाही.

आयने एक पाय उचलला, उलटा केला, अंगठा दाबला. मग जनूकडे बघितलं. "याच्या पायाला तं काय नाय!"

जनू म्हणाला, "सुध्या, तुला पायाचा आजार हाय ना?"

"मला? छे रे!"

"मंग दोन ओहोट्या कशापायी थांबलास?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "बुटांसाठी."

शेजारचे लोक हसून लोळले. आयसुद्धा पदर तोंडावर धरून हसायला लागली. फक्त जनू नाही हसला. पायरीवर माझ्या शेजारी बसला तो. त्याच्या पोटऱ्यांवर गुडघ्यापर्यंत गाळ, वाळायला लागलेला.

"मी पन नाय गेलो," तो म्हणाला. "दोनी वेला. म्हटला, तू बरा झालास का दोघं जाऊ."

मी त्याच्या पायांकडे बघत राहिलो. मला हेवा वाटला हो त्या चिखलाचा! चाळीस वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, तो अंगाला लागू नये म्हणून मी महिना-दीड महिना संशोधन केलेलं!

मी ताडकन उठलो. "चल, आत्ता जाऊ. असाच येतो, अनवाणी!"

जनूने हनुवटीनेच समोर दाखवलं. खाडीला पाणी भरत होतं. माझे बूट रुतले होते तिथे आता छोट्या लाटा होत्या. भरती कशी येते हे मी तीस वर्षं शिकवलंय, पण ती एवढ्या लवकर येते हे त्या दिवशी कळलं.

"उद्या पहाटं टेम्पो येतो सामानाला," जनू म्हणाला. मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि शेवटी हसला. "चल, साखर घातलेला चा पी आता."

दुपारी रडवेल्या तोंडाने घरी आलो. बेल वाजवली. मंगलने दार जेमतेम वीतभर उघडलं आणि माझी वाट अडवून उभी राहिली.

"तिथेच थांबा! खाडीच्या चिखलातनं येताय. आधी पाय धुवा, मगच आत या!"

मी खाली बघितलं. चपलेत माझे दोन गोरेपान, कोरे करकरीत पाय.

"अगं," मी म्हटलं, "धुण्यासारखं काही असतं, तर मी रडत आलो असतो का?"