वातीकाकूचं रडणं

वातीकाकू रडायला बसली की मेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य अंगणात यायचं. आमच्याकडे मयताला बायका हेल काढून रडतात. अर्धं गाणं, अर्धी हकिकत. बाकीच्या बायका ठरलेलं बोलायच्या, देवमाणूस गेला, घराचा खांब पडला वगैरे. काकू तसं करत नसे. ती नाव घेऊन, तपशिलासकट रडायची. म्हातारा सोपानआण्णा गेला तेव्हा तिनं हेल काढला, "बायको बाळंतीण असताना तिचा डिंकाचा लाडू चोरून खाल्लास रं आण्णा, पर नातवाला खांद्यावर बसवून यरमाळ्याची जत्रा दावलीस रं." सुनांनी पदरात तोंड लपवलं, ते रडण्यासाठी की हसण्यासाठी, हे मी विचारलं नाही. थोरला मुलगा मात्र तापला. काकूनं त्याला तिथंच सुनावलं, "मेल्याम्होरं खोटं बोलू न्हाय. त्येला समदं ठावं असतंय."

आमचं गाव तेरखेड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नाव सांगत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. त्या भागात पावसाचा भरवसा नाही, पण फटाक्याचा आहे. काकू फटाक्याच्या शेडमध्ये वाती वळायची, म्हणून वातीकाकू. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून वाचलं होतं, पण तिला त्या नावानं कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. पावडरीनं तिचे तळवे कायम चंदेरी असायचे. राखेनं घासले तरी रेषांमधली चांदी जायची नाही. भाकरी वाढताना म्हणायची, "खावा गुरुजी. दिवाळी पोटात गेली तर काय बिघडतंय?"

शेडमध्ये तिची शिस्त भारी. पायात वहाण नको, केसात लोखंडी आकडा नको, मोठ्यानं हसणंसुद्धा नको. नवीन बाई कामाला आली की सांगायची, "दारू म्हंजी सासरा हाय बाई. पदर सावरून, नजर खाली ठिवूनच म्होरं जायचं." तिच्या हाताखालच्या बाईला कधी भाजल्याचं मला आठवत नाही.

मी तिथे मास्तर म्हणून लागलो आणि काकूच्या शेजारची खोली घेतली. नवरा लवकर गेलेला. मुलगा दत्ता, आणि त्याच्याहून लहान मंगल. मंगल माझ्याच हाताखाली शिकली. बारावीनंतर सुट्टीत आईबरोबर शेडला जाऊ लागली. तिला वेड हिंदी खुनाच्या सिनेमांचं. मोबाईलवर बघायची आणि दुसऱ्या दिवशी वाती वळता वळता आईला सगळी गोष्ट सांगायची, पण खुनी कोण ते मुद्दाम ठेवून द्यायची. काकू दरवेळी व्हिलनसारखा दिसणारा माणूस सांगायची आणि दरवेळी हरायची. मंगल म्हणायची, "आई, असं नसतंय गं. ज्याच्यावर कुणाचाच संशय नसतो ना, त्योच असतो." मी ओट्यावर वह्या तपासत ऐकायचो आणि मलाही हसू यायचं.

आता ते सांगितलंच पाहिजे. परवान्यात एका शेडला चार माणसं लिहिलेली असत आणि दिवाळीची मागणी मोठी. मग मालक पाचवं, सहावं माणूस घ्यायचा. तपासणीची जीप फाट्यावरून वळली की निरोप यायचा. मग जादाच्या माणसांना मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी आणि कुलूप लावायचे. साहेबाला वाटावं, खोली बंद आहे. साहेब चहा पिऊन गेला की कुलूप काढायचं. याला कुणी गुन्हा समजत नसे. बायका त्या खोलीला हसून 'जेल' म्हणायच्या.

त्या दिवशी पाचवं माणूस मंगल होती. उन्हाळ्याचे दिवस, पत्रा तापलेला, आणि त्याच खोलीत माल वाळत घातलेला. आत नेमकं काय झालं ते कुणालाही माहीत नाही. मी वर्गात सातचा पाढा म्हणून घेत होतो. आवाज झाला आणि फळ्यावरचा डस्टर खाली पडला.

दुपारी पोलीस आले. पंचनाम्याला सरकारी माणूस हवा, म्हणून मला बोलावलं. मालक आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष. जमादारांनी कागद आधीच लिहून ठेवला होता. त्यात इतर मजकुराबरोबर एक ओळ होती, 'खोलीचे दार उघडे होते.' मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गुरुजी, करा सही. मयत ताब्यात द्यायचंय, आई बसलीय तिकडं." माझी बदली नुकतीच त्याच्या शब्दावर टळली होती. मी सही केली.

मंगलच्या मयताला काकू रडली नाही. साऱ्या गावाची मयतं जिनं रडून काढली, ती बाई लेकीपाशी तोंड मिटून बसली. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, तिला रडवा. कुणी गालावर चापट मारली, कुणी मंगलची वेणीची रिबीन हातात दिली. काकू नुसती भिंतीकडे बघत होती. तेराव्याच्या आत मालकानं दत्ताला टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून घेतलं. पुढे कित्येक महिन्यांनी एकदा ती मला आपणहून म्हणाली, "खरं रडले असते तर दार आलं असतं गुरुजी. आन दार आलं असतं तर दत्ताची भाकर गेली असती. खोटं मला रडता येत न्हाय." त्यानंतर ती कुणाच्याच मयताला रडली नाही. जाऊन एका कोपऱ्यात बसायची आणि उठून यायची.

अशी काही वर्षं गेली आणि गावात सिनेमा आला. हिंदी, खुनाचा. मुंबईच्या लोकांनी मालकाच्या जुन्या शेड भाड्यानं घेतल्या. गोष्ट अशी की, फटाक्याच्या गोदामात एक मुलगी जळून मरते, सगळे अपघात म्हणतात, आणि इन्स्पेक्टर शोधून काढतो की तो खून होता. त्यांना प्रेतावर रडणारी गावची खरी बाई हवी होती. गावानं एका तोंडानं वातीकाकूचं नाव सांगितलं. हिंदी येणारा म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं.

मला वाटलं होतं, काकू झाडूनं हाकलून देईल. तिनं शांतपणे गोष्ट ऐकून घेतली. मग विचारलं, "इनिस्पेक्टरला कळतंय कसं?"

"दारावरून," मी म्हणालो. "दार बाहेरून बंद असतं."

ती बराच वेळ हाताच्या रेषा चोळत राहिली. "मुंबईत बसून त्यास्नी सुचलं," ती म्हणाली. "आन ती पोरगी मेलेली नसणार ना? नुसती पडणार?"

"नुसती पडणार, काकू. सिनेमा आहे. सिनेमात कोण काय बोललं याचा जाब कुणी विचारत नाही."

हे मीच बोललो.

शूटिंगला अख्खं गाव लोटलं. मालक खुर्ची टाकून पुढेच बसलेला. चेहरा काळा केलेली एक नटी चटईवर पडली होती, आणि मध्येच पाय खाजवत होती. दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, "अम्मा, बस दिल से रोना." काकू तिच्या उशाशी बसली, आणि तिचा हात हातात घेतला. मग तो आवाज आला, जो आम्ही इतकी वर्षं ऐकला नव्हता.

"मंगल, माझ्या बाई गं… डब्यात पिठलं दिलं हुतं, तसंच ऱ्हायलं गं… जीप आली म्हणून तुला कोंडलं गं… बाहेरून कडी घातली, वर कुलूप घातलं गं… तू आतून दार वाजवलंस, आई, लई गरम हुतंय म्हणलीस… आन म्याच म्हणले गं, गप बस, जीप जाऊ दे… म्याच म्हणले गं, माझ्या लेकी, गप बस…"

नटीनं डोळे उघडले. मराठी तिला कळत नसावं, पण ती हात सोडवून न घेता तशीच पडून राहिली. दार वाजल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकत होतो. दिग्दर्शक ओरडला, "कट! कमाल! एक टेक में!"

तेवढ्यात मालकानं टाळी वाजवली. "काकू, काय ॲक्टिंग केलीस!" तो म्हणाला. मग त्याच्या मागच्यानं वाजवली, मग सगळ्यांनी. बघता बघता सगळं गाव टाळ्या वाजवत होतं, कारण टाळ्या वाजवल्या की ती ॲक्टिंग होती. टाळ्या थांबवल्या असत्या तर ते दार खरं ठरलं असतं. मीही टाळ्या वाजवल्या.

काकूला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. तिचा भरवसा पुढचा होता. "आता कॅमेऱ्यात गेलंय," ती म्हणायची. "शिणिमात आलं म्हंजी कागदावर आल्यावानीच की. आन शिणिमा मोठी माणसं बी बघत्यात." या काळात तिचा खोकला वाढला, जिना चढला की बसावं लागे. तरी दर आठवड्याला विचारायची, "गुरुजी, लागला का?"

लागला तेव्हा मी तिला बार्शीला दुपारच्या खेळाला घेऊन गेलो. दत्ताही होता. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत मंगलचा फोटो घेतला होता. तो तिनं मांडीवर पडद्याकडे तोंड करून ठेवला. बऱ्याच वेळानं आमची शेड आली, चटई आली, पडदाभर काकूचं तोंड आलं.

आवाज नव्हता. सनईसारखं कसलं तरी वाद्य वाजत होतं, मग एक बाई हिंदीत गाऊ लागली. काकूचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. मला एकेक शब्द कळत होता. जीप. कडी. कुलूप. शेजारचा माणूस म्हणाला, "म्हातारी काय रडतीय राव," आणि पॉपकॉर्नचा पुडा पुढे केला. काकू माझ्याकडे वळली. "गुरुजी, माझा आवाज कुटं गेला?"

मी म्हणालो, "त्यांनी संगीत घातलंय, काकू." याहून निलाजरं वाक्य मी जन्मात बोललो नाही.

शेवटी इन्स्पेक्टर दाराची वाकलेली कडी हातात घेऊन कोर्टात उभा राहिला, खुनी सापडला, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. काकूनं फोटो पिशवीत घातला. "तिचा सापडला," एवढंच म्हणाली.

परतीच्या एसटीत दत्ता पुढे बसला होता. येरमाळ्याच्या अलीकडे काकूनं खिडकीबाहेर बघत विचारलं, "पंचनाम्यात दार कसं लिवलंय?"

"उघडं."

"तुमी बघितलं हुतं?"

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत बसलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. घरी आल्यावर नेहमीसारखी भाकरी आणून दिली, आणि त्या रात्रीच काय, कधीच एका शब्दानं मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. वाकडं बोलणं मला सोसलं असतं, ती भाकरी सोसली नाही.

त्या दिवाळीआधी ती गेली. छातीत पावडर बसली होती, डॉक्टर म्हणाले. मयताला बायका जमल्या, पण हेल कुणी काढेना. तिच्यापुढे ठरलेलं रडायची लाज वाटत होती, आणि खरं रडायचं तर मालक हार घेऊन दारात उभा होता. तळवे धुतले तरी चंदेरीच होते. एवढी शांत अंत्ययात्रा मी पाहिली नाही.

आता मी निवृत्त आहे. बदलीची भीती नाही, समिती नाही. मंगल म्हणायची, ज्याच्यावर कुणाचाच संशय नसतो तोच असतो. गावात आजही मला सगळे वाकून नमस्कार करतात. काकू, मला हेल काढता येत नाही, म्हणून लिहितो आहे. ते दार जमिनीवर पडलं होतं. चौकटीचा तुकडा त्याला लटकत होता, आणि कडी कोयंड्यात तशीच, वर कुलूप. ते अजून गरम होतं. मी हात लावून पाहिला होता.