बाकड्याला बांधलेली विहीण

अख्ख्या आयर्लंडात माझ्या विहिणीइतकं हट्टी माणूस झालं नाही आणि होणार नाही. हे मी सांगतोय, चौथीत मास्तरांशी भांडून शाळा सोडली ती सोडलीच, असा मी. सुनेची ही आई तीन महिन्यांच्या व्हिसावर नागपूरहून सँडीफोर्डला आली, ती रेल्वेत बर्थखाली बॅग बांधायची साखळी आणि कुलूप घेऊन. आम्ही सगळे राहतो त्या लेकीच्या फ्लॅटमध्येसुद्धा बॅग पलंगाच्या पायाला बांधून झोपायची. चहा दिला तर नको, नाही दिला तर लग्नातला मानपान निघायचा. आणि व्याह्यांनी समोरासमोर बसावं, शेजारी कधीच नाही, हा तिचा कायदा.

एका दुपारी टीव्हीवर अमेरिकेतल्या जुन्या, जहाल आंदोलनाचा माहितीपट लागला. इंग्रजी आम्हा दोघांचंही बेताचं. पण पोरंपोरी फाटकाला साखळीनं बांधून घेतात, पोलीस ओढतात, ती अंग सैल सोडतात, हे कळायला इंग्रजी कशाला लागतंय? विहीण पापणी न हलवता बघत होती. "हे तं आपल्या लग्नातलं रुसणंच हाय," म्हणाली, "साखळी तेवढी जास्तीची."

त्याच आठवड्यात बिल्डिंगच्या ऑफिसातून चिठ्ठी आली, बिल्डिंगखालचं बाकडं काढणार. लुआसच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, स्टॉपवरून येताना तेवढीच एक टेकायची जागा. माझा गुडघा असा, की ते गेलं तर माझं बाहेर पडणंच संपलं. पण हे मी घरात कुणाला बोललो नव्हतो. बोललो असतो तर मी कसला?

गुरुवारी दोन माणसं पाने घेऊन आली. एका टोकाचे दोन बोल्ट निघाले, तेवढ्यात विहीण खाली उतरली, त्याच सुट्या टोकावर बसली आणि कमरेभोवती साखळी घेऊन बाकड्याला कुलूप ठोकलं. दोघांतल्या मुकादमानं आधी नीट समजावलं, मग फोन लावला. त्यात 'पोलीस' हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. सून धावत खाली आली. "आई, ऊठ. व्हिसावर काही लिहिलं तर पुन्हा येता नाही यायचं तुला." विहिणीनं डोळे मिटून अंग सैल सोडलं, थेट माहितीपटातल्या पोरीसारखं.

मग तिनं एक डोळा उघडला.

"काय पाहून राहिले, व्याही? रोज इथं गुडघा चोळत बसता, मी वरून पाहते न. बसा."

बसलो. तिच्या शेजारी. आणि चारचौघांत पहिल्यांदा गुडघा चोळला. मुकादम आमच्याकडे बघत फोनवर बराच वेळ बोलला, शेवटी 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे इथलं 'बरं, बरं', म्हणत पाने उचलून गेला. पोलीस आले नाहीत.

सून मात्र घाबरली ती घाबरलीच. व्हिसाचे सहा आठवडे शिल्लक असताना तिनं आईचं रविवारचं तिकीट काढलं. निघताना विहिणीनं साखळी माझ्या हातात दिली. "आले तं परत द्या," म्हणाली. किल्ली मात्र बटव्यात घालून घेऊन गेली.

बाकडं आहे. बोल्ट कुणी परत बसवले नाहीत, म्हणून मी माझ्या टोकाला टेकलो की तिचं टोक जरासं उचलतं. मधोमध बसलं तर उचलणार नाही, कळतं मला. पण तेवढं सरकलं तर तिची जागा अडते.