ज्या नावाचं कोणी मेलं नव्हतं

आमच्या गल्लीत त्या काळी दगडू होता, कचरू होता, फेकू होता आणि भिक्या तर इतके, की कोणी ‘भिक्या’ म्हणून हाक मारली की चार घरांतून ओ यायची. बाहेरच्या माणसाला वाटावं, या गावाला आपली लेकरं नकोशी झाली आहेत. होतं उलटंच. ज्या घरात लेकरं टिकत नसत त्याच घरात असली नावं ठेवायचे. मरण दाराशी येतं, आतली हाक ऐकतं आणि ‘कचरा काय न्यायचा’ म्हणून पुढच्या घरी जातं, असा सगळा हिशोब. मरणाला स्वच्छतेची एवढी आवड असेल असं कोणाला का वाटलं, ते विचारू नका. मलाही वाटलं होतं. मी तेव्हा विशीतली, अंगानं काडी आणि अकलेनं त्याहून बारीक.

माझं पहिलं लेकरू मुलगी. तिला मी हौसेनं फुलाचं नाव ठेवलं होतं. ती पालथी पडायच्या आधीच तापानं गेली. गल्लीतल्या बायांनी नावालाच दोष दिला. म्हणून दुसऱ्या वेळी मुलगा झाला तेव्हा सासूनं त्याला पाचवीलाच उकिरड्यावर लोळवला, ‘कचरू’ म्हणून तीनदा हाक मारली आणि मगच घरात घेतला. तो भादव्यात गेला. दूध मात्र यायचं थांबेना. परसात पपईचं झाड होतं, त्याच्या बुडाशी मी ते पिळून टाकायची. त्या वर्षी ते झाड असं लगडलं की घरच्यांनी पोटभर खाल्लं. मी तोंडात तुकडा घातला नाही.

तिसऱ्यांदा पोटात हालचाल झाली तेव्हा मला आनंद झाला नाही. आता हेही द्यावं लागणार, एवढंच मनात आलं. मग मी विचाराला बसले, आणि माझ्यासारखीनं विचाराला बसू नये. मरण काही परमुलखातलं नाही, मी म्हटलं. त्याचा वावर इथलाच. त्याला आपली बोली येते, पोवारी येते, गोंडी येते, गोंदियाच्या बाजारातली हिंदी येते, धान कापायला येणाऱ्या छत्तीसगडी बायांचं बोलणंही कळतं. कचरू म्हटलं तरी हा कचरा नाही, कोणाच्या तरी काळजाचा तुकडा आहे, हे त्याला कळणार नाही होय? तेव्हा नाव असं पाहिजे, की त्याला काही समजूच नये.

ते नाव मला मिशनच्या दवाखान्यात सापडलं. बोदलकशाच्या तलावापलीकडच्या गावात तो होता. पायांना सूज आली म्हणून मी गेले होते. अंगणात नर्सबाई कंपाउंडरवर ओरडत होत्या, “शमुवेल, अरे शमुवेल, बाटल्या धुतल्यास का?” मी शेजारच्या बाईला विचारलं, शमुवेल म्हणजे काय? ती म्हणाली, “कोन जाने. औषधाचं नाव असन.”

परत येताना तलावाच्या पाळीवर मी टेकले आणि माझ्या ओळखीत जेवढे मेले होते तेवढ्यांची नावं एकेक आठवून पाहिली. त्यात एकही शमुवेल नव्हता. मला इतका हर्ष झाला म्हणता! या नावाचं आजवर कोणी मेलंच नाही. आता, आमच्या मुलखात या नावाचं कोणी जन्मलंही नव्हतं, हा त्यातला दुसरा भाग माझ्या ध्यानात आला नाही.

मुलगा झाला. नाव ऐकून सासू म्हणाली, “वेल? पोट्टा होय का भोपळा?” तिच्या तोंडात ते शामवेल झालं, घरधन्याच्या तोंडात सामेल. पण माझा हट्ट पाहून दोघंही गप्प बसली. दोन लेकरं पुरलेल्या बाईशी कोणी फार वाद घालत नाही. आणि पोरगा टिकला. पहिलीचं वय ओलांडलं, मग दुसऱ्याचंही. रांगायला लागला. मी दिवसभर कारण नसताना अंगणात उभी राहून ‘शमुवेल, शमुवेल’ ओरडायची. मरणाला वाकुल्या दाखवल्यासारखं वाटायचं.

दिवाळीच्या आधीच्या बाजारात नर्सबाई भेटल्या. मी पोरगा त्यांच्यापुढं धरला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, तुमच्याकडचं नाव ठेवलंय. बाईंना कोण आनंद! त्या नगरकडच्या, ख्रिस्ती घरातल्या. बोलणं कसं इस्त्री केल्यासारखं. भाजीच्या ढिगाशेजारीच त्यांनी मला नावाची सगळी कुळकथा सांगितली. हे ज्यू लोकांच्या इब्री भाषेतलं, फार जुनं नाव. त्यांच्यातल्या एका बाईला मूल होत नव्हतं, सवत येताजाता टोचायची. ती देवळात जाऊन नुसते ओठ हलवत राहिली. आवाज नाही म्हणून पुजाऱ्याला वाटलं, बाई पिऊन आली. पुढं तिला मुलगा झाला, त्याचं तिनं हे नाव ठेवलं.

“म्हणजे काय त्याचं?” मी विचारलं.

“म्हणजे, देवानं ऐकलं.”

जे कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणून सगळा खटाटोप, तेच मी इतके महिने अंगणात उभी राहून वर तोंड करून ओरडत होते. ऐकलं, ऐकलं! वर जे कोणी बसलं असेल, त्यानं ऐकलंच असेल की.

त्याच आठवड्यात पोराला थंडी वाजून ताप भरला. थंडीताप आमच्याकडे धान पिकायच्या वेळी घरोघर यायचा, तलाव आणि शेतातल्या बांध्या पाण्यानं भरलेल्या असायच्या. पण मला ते कुठलं सुचायला. मी रडत रडत सासूला नावाचा अर्थ सांगितला. तिनं कपाळाला हात लावला नाही की मला शिव्या दिल्या नाहीत, त्यानंच मी जास्त भ्याले. ती एवढंच म्हणाली, “मांगून आनलेलं नाव आपल्या हातानं टाकता येत नाही. ज्याचं त्याले वापस करून ये.”

घरधनी कापणीवर होता, बंडीला बैल नव्हते. मी पोराला पदरात गुंडाळलं आणि शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं निघाले. ऐका बरं, पोरगा तापानं फणफणलेला, वाट दवाखान्याची, आणि ही शहाणी चालली होती कशाला? औषधाला नाही. नाव परत करायला.

तो रडत होता तोवर मला धीर होता. तलावाच्या पाळीवर आले आणि त्याचं रडणं थांबलं. डोळे अर्धे उघडे, पण माझ्याकडे बघेनात. मी चिमटा काढला. काही नाही. पुन्हा काढला, चांगला नख लागेल असा. तेव्हा कुठं कुरकुरला. मग सगळ्या वाटेनं मी त्याला चिमटे काढत गेले. नावानं हाक मारायची सोयच नव्हती ना.

दवाखान्याच्या ओट्यावर पाय ठेवल्या ठेवल्या मी नर्सबाईंना म्हटलं, “तुमचं नाव वापस घ्या.”

त्यांनी पोराच्या कपाळाला हात लावला आणि मलाच दटावलं, “आधी मूल द्या माझ्याकडे.”

“नाव घ्या आधी. मंग देतो.”

बाईंनी तो माझ्या हातातून ओढून घेतला म्हटलं तरी चालेल. ओली फडकी आली, पांढरी पूड पाण्यात कालवली गेली. बाई पोराचे गाल दाबून ते थंडीतापावरचं कोयनेल त्याच्या घशात उतरवत होत्या, आणि मी त्यांच्या मागं मागं एकच धोशा लावून. देवानं ऐकलं असं नाव नको, बाई. आमचं देवानं ऐकलं की नेतो. दोनदा नेलं.

त्या मागं न बघता म्हणाल्या, “अहो, काही लोक त्याचा दुसरा अर्थही सांगतात. देवाकडे मागितलेला.”

“मागितलेला?”

“मागून, पदर पसरून घेतलेला.”

“म्हणजे भिक्या?”

बाईंच्या हातातला चमचा थांबला. “हो,” त्या म्हणाल्या, “भिक्याच म्हणा.”

एवढी बोदलकशाची पाळ तुडवून, एवढ्या लांबच्या भाषेत जाऊन मी जे नाव शोधून आणलं होतं, ते आमच्या गल्लीत चार घरी आधीच होतं. एरवी मी हसून लोळले असते. तेव्हा मला तो अर्थ बुडत्याला फांदी मिळावी तसा वाटला. मी विचारलं, तुमच्याकडे आहेत का या नावाचे आणखी? बाई म्हणाल्या, भरपूर. आमच्या आळीत दगड भिरकावला तर एखाद्या शमुवेललाच लागेल. आजोबा शमुवेल, नातू शमुवेल.

“मंग ते सारे जगतात?”

त्यांनी पोराच्या तोंडावरून ओघळलेलं औषध बोटानं निपटून परत त्याच्या तोंडात घातलं. “काही जगतात,” त्या म्हणाल्या. “माझा एक होता. तो नाही जगला.”

पाळीवर बसून सगळे मेलेले मोजले होते, त्यात हा राहिला होता. मला लपायला आता कुठली भाषाच उरली नाही. ऐकलेला असो, मागितलेला असो, कचरा असो, ते येतं आणि घेऊन जातं. दुपारभर मी भिंतीला टेकून बसले आणि पोराच्या पोटाकडे बघत राहिले, ते वरखाली होतंय ना एवढंच. उन्हं कलली तेव्हा त्याला घाम फुटला. मग तो रडला, चांगला टाहो फोडून, आणि दूध मागायला लागला.

सासू गावात शिरणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी उभी होती. लांबूनच विचारलं, “टाकून आली का?”

“नाही,” मी म्हटलं. “दोघायलेही आनलं.”

तिनं पदर बाजूला करून त्याचं तोंड पाहिलं. “दे इकडे तो भोपळा,” म्हणाली, आणि मग पाठ फिरवून बराच वेळ नाक शिंकरत राहिली.

एका दिवसाआड ताप पुन्हा येत राहिला. सासू पोराचं नाक धरायची, मी कोयनेल ओतायची. नावावरून आमच्यात पुन्हा भांडण झालं नाही. पोरगा उठून उभा राहिला तशी गावात बातमी पसरली, की अमकीनं असं नाव आणलंय की लेकरू जातच नाही. बाया यायला लागल्या. मी नावही सांगायची आणि दवाखान्याची वाटही. नाव सगळ्यांनी घेतलं. एक शामू, एक समेल, एक नुसताच वेल.

आमच्या भिंतीला भिंत लागून घर होतं, तिथल्या सुनेची आधीची तीन गेली होती. तिनंही आपल्या पोराचं हेच ठेवलं. तिनं हाक मारली की माझा धावायचा, मी मारली की तिचा, आणि आम्ही दोघी दारात उभ्या राहून हसायचो. पुढच्या कापणीला तिच्या पोराला ताप भरला. मी म्हटलं, चाल, मी येतो संगं. ती म्हणाली, कायले? नाव तर हायेच.

तिचं चौथंही गेलं. त्यानंतर मी अंगणात येऊन माझ्या पोराला हाक मारली की तिच्या दाराची कडी लागल्याचा आवाज यायचा. पहिल्यांदा मला कळलं नाही. कळलं तेव्हापासून मी हाक मारणं सोडलं. तो गल्लीत कुठं का खेळत असेना, मी चालत तिथवर जायची आणि दंड धरून त्याला घरी आणायची.